उसवीच्या डोक्याचं दुसरं मत

माझ्या मुलीला घरात सगळे उसवी म्हणतात. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं. ती पाच वर्षांची असताना तिनं त्यांच्या एकुलत्या एका चांगल्या कोटाची डावी बाही उसवली, अस्तर जमिनीवर पसरलं आणि "आत असं असतं होय!" म्हणत टाळ्या वाजवल्या. हे ओरडले, मी ओरडले. तिला वाटलं, आम्हालाही तिच्याइतकाच आनंद झालाय. दुसऱ्या दिवशी तिनं उजवी बाही उसवली.

मग उशा, पडदे, दप्तर, माझी पर्स. शिवलेलं दिसलं की उसवायचं आणि दहाव्या वर्षापासून, मेहेरबानी म्हणून, परत शिवून ठेवायचं. कॉलेजात शिकली रसायनशास्त्र आणि काम धरलं बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानात. नवे कपडे शिवायचे नाहीत, असलेले मापात आणून द्यायचे. पँटची उंची कमी कर, कंबर सैल कर, झिप बदल. एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला चपलांचं, आणि मध्ये एक माणूस दोन्ही हात पसरून उभा राहिला तर भिंतींना लागतील एवढी जागा. त्यात दोन मशिनं, इस्त्री, उंच आरसा, मास्तर आणि उसवी. अकरा वर्षं झाली.

या कामाची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, उसवी गुडघ्यांवर बसून कापड दुमडत जाते. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे टाचण्या तोंडात. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मनगटाला उशी बांधून तिच्यात टाचण्या खोचतात ते नवशिके. कारागीर टाचण्या दातांत धरतो." दात घट्ट, ओठ जरासे विलग, मध्ये सात-आठ टाचण्या ओळीनं. असं असताना ओठ मिटता येत नाहीत, आणि ओठ मिटल्याशिवाय प, फ, ब, भ, म काही निघत नाही. त्यामुळे उसवीची एक वेगळीच मराठी तयार झाली.

मशिनवरून मान न उचलता मास्तर विचारायचे, "पोरी, काय कमी करायचंय?"

"आही."

"आहे ना, पण काय?"

"आही!"

"अगं, आहे तर आहे, पण काय आहे ते सांगशील का?"

शेवटी गिऱ्हाईकच ओरडायचं, "बाही हो मास्तर, बाही!"

काम अंगावर आलं की ती कपडे घरी आणायची. "आआ, आणी," असं ऐकू आलं की हे मुकाट्यानं उठून तिला पाणी द्यायचे. बाबा आणि पाणी, दोन्ही शब्दांचं जे काही उरायचं ते एवढंच. "आपल्याकडे प-फ-ब-भ-म रजेवर असतात," हे पाहुण्यांना सांगायचे.

चार महिन्यांपूर्वी तिचं डोकं दुखायला लागलं. दुपारी चारच्या सुमाराला दोन्ही कानशिलं आवळल्यासारखी व्हायची, कुणी डोक्याला पट्टा बांधून एकेक भोक पुढे सरकवतंय तशी. घरी आली की दिवा मालवून पडायची. आधी आठवड्यातून दोनदा, मग चारदा, मग जवळजवळ रोज. गोळी घेतली की तासभर बरं. मी शिकलेली बाई आहे, म्हणजे घाबरण्यासारखा जगातला सगळा मजकूर मला वाचता येतो. तो मी वाचला. तीन दिवसांत मी तिच्या डोक्यात सहा आजार शोधले. त्यातले दोन फक्त पन्नाशीपुढच्या पुरुषांना होतात असं यांनी दाखवून दिलं, तेव्हा चार उरले.

तिला गोवर झाला होता तेव्हापासून ओळखणारे आमचे जवळचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, मान दाबून पाहिली. म्हणाले, "हे टेन्शनचं डोकं दुखणं. घाबरू नका. मान, खांदे शेकत जा, गोळी लिहून देतो." एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि आम्ही बाहेर आलो. त्या तीन वाक्यांतलं मला एकच ऐकू आलं: टेन्शन.

टेन्शन! माझ्या मुलीला टेन्शन आहे आणि मला, आईला, पत्ता नाही.

मी घर टेन्शनमुक्त करायला घेतलं. नळ गळतोय हे तिच्यासमोर बोलायचं नाही. लग्नाचा विषय बंद. आत्याचा फोन आला तर आत्याला बाथरूममध्ये नेऊन बोलायचं. वर्तमानपत्र आधी मी वाचायचे आणि वाईट बातम्या कातरीनं कापून काढायचे. तीन-चार दिवसांत वर्तमानपत्राला एवढ्या खिडक्या पडल्या, की हे पेपर वाचायला बसले की त्यातून माझ्याकडेच बघत असायचे. सकाळी गजर वाजला की दचकायला होतं, म्हणून मी तिचं गजराचं घड्याळ लपवलं. ती दोनदा उशिरा गेली. आणि या सगळ्याच्या मध्ये दिवसातून दहा वेळा, अगदी गोड आवाजात, मी विचारायचे, "बाळा, कसलं टेन्शन आहे गं?"

"आई, मला एकच टेन्शन आहे."

"सांग ना, सांग!"

"तू."

डोकं दुखायचं थांबलं नाही. मी एक वही केली. कोणत्या दिवशी दुखलं, किती दुखलं, जेवली काय, बोलली कशी. चार आठवड्यांच्या नोंदी झाल्यावर उत्तर लख्ख दिसलं: सोमवारी दुखत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.

नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांनी तिच्यापुढे दुकान ठेवलं. त्यांना काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा झाला होता. चार महिने सगळे गडद कोट आणि पँटी तिच्याकडेच होत्या. ते म्हणाले, "पोरी, दुकान तू घे. मी कोपऱ्यात बसून बटणं लावीन. शनिवारपर्यंत काय ते सांग, नाहीतर हा चपलावाला मधली भिंत पाडायला टपून बसलाय." उसवी घरी आली ती उड्या मारतच. डोकं दुखत असताना उड्या मारणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

मी वही उघडून तिच्यापुढे धरली. "दुकानाचंच टेन्शन आहे तुला. आणि आता अख्खं दुकान गळ्यात घेणार?"

"आई, मला टेन्शन नाहीये."

"टेन्शन असलेले असंच म्हणतात."

"मग नसलेले काय म्हणतात?"

 यावर मी रडले. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "चल, पैज. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तिथंही टेन्शनच निघालं, तर मी मास्तरांना नाही सांगते. नाही निघालं, तर तू हा शब्द माझ्यापुढे पुन्हा काढायचा नाहीस."

"कबूल," मी म्हणाले.

कबूल म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. टेन्शन नाही निघालं, तर मग काय निघेल? माझे चार आजार रांगेत उभेच होते. म्हणजे आता मला काहीही करून टेन्शन हवं होतं, आणि तिला टेन्शन सोडून काहीही चाललं असतं. मी हे यांना समजावून सांगितलं. 

"म्हणजे पोरीला टेन्शन असावं, याचं तू टेन्शन घेतलंयस," हे म्हणाले, आणि खिडक्यांचं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून गदागदा हसायला लागले. खिडक्यांमधून सगळं दिसत होतं.

शुक्रवारी दुपारची वेळ मिळाली. मेंदूच्या डॉक्टरीणबाई उसवीपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठ्या दिसत होत्या. हे मला आवडलं नाही. मी वही पुढे केली.

"कधीपासून दुखतंय?"

"चार महिने," मी म्हणाले.

"कुठे?"

"दोन्ही कानशिलांत," मी.

"उलट्या? डोळ्यांपुढे अंधारी? हातापायांना मुंग्या?"

"काही नाही. मी रोज विचारते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "डोकं कुणाचं दुखतंय?"

"हिचं."

"मग तोंडही हिचंच चालू दे. आई, तुम्ही त्या स्टुलावर बसा आणि दहा मिनिटं फक्त ऐका."

मी बसले. दहा मिनिटं किती लांब असतात हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी त्या स्टुलावर बसून पाहावं. बाईंनी तिला सरळ रेषेत चालवलं, गुडघ्यांवर हातोडी मारली, डोळ्यांच्या आत खोल बघितलं, बोट नाचवून नजर फिरवून घेतली. प्रत्येक वेळी "छान" म्हणाल्या. प्रत्येक "छान"ला माझा एकेक आजार उठून घरी गेला. मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. तोही छान.

उसवी बाही खाली करून मनगटाचं बटण लावायला लागली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून हातातली पैसे भरल्याची पावती तिनं दातांत धरली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तशाच बसा. हलू नका. काम काय करता?"

"कअडे," उसवी दातांतून म्हणाली, "आआत असवून देते."

"कपडे मापात बसवून देते म्हणतेय," मी स्टुलावरून म्हणाले. राहवलंच नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कळतं हे?"

"अकरा वर्षांची सवय आहे. तिच्या तोंडात टाचण्या असतात ना."

"टाचण्या?" बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "दिवसातले किती तास?"

उसवीनं पावती काढली आणि हिशेब केला. आधी चार-पाच, आता चार महिन्यांपासून आठ, कधी नऊ. मजा म्हणजे पावती काढल्यावरही ती बोलत होती ती तशीच. दात जागचे हलत नव्हते, सगळे शब्द फटीतून सरपटत बाहेर येत होते. मी तिला जन्मापासून बघतेय, आणि हे मला आत्ता दिसलं.

बाईंनी तिच्या दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याशी, अंगठे ठेवले आणि दाबले.

"आई गं!"

"काय गं?" मी ताडकन उठले.

"तुम्हाला नाही हो हाक मारली," बाई म्हणाल्या. "बसा. आता मोठा आ करा. तीन बोटं उभी आत जायला हवीत."

दोन गेली. तिसरं बोट दारातच अडलं. कानशिलांवर दाबलं तेव्हा उसवी म्हणाली, "हेच! हेच रोजचं दुखणं!" अगदी हरवलेली वस्तू सापडल्यासारखं.

बाई टेबलामागे गेल्या. "मेंदूत काही असावं असं मला कुठेच दिसत नाही. स्कॅनचीही आत्ता गरज नाही. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

उसवीनं माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितक्या हळू म्हणाले, "टेन्शन."

"अगदी बरोबर सांगितलं त्यांनी."

माझ्या अंगावरून ओझं उतरलं, मला त्या बाईंना उचलून गरागरा फिरवावंसं वाटलं. टेन्शन! नुसतं टेन्शन! आणि मग मला उसवीचा चेहरा दिसला. ती पावतीची घडी घालत होती, लहान, आणखी लहान.

"मी उद्या मास्तरांना नाही सांगते," ती म्हणाली.

"कोण मास्तर? काय नाही सांगता?" बाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पैज, वही, लपवलेलं घड्याळ, वर्तमानपत्राच्या खिडक्या. बाईंना इतकं हसू आलं, की त्यांची चाकांची खुर्ची मागे जाऊन कपाटावर आपटली.

"अहो आई," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हे आपण उठताबसता म्हणतो ते टेन्शन नव्हे. स्नायूंचं टेन्शन! ताण! दोर ताणून ठेवावा तसे हिच्या जबड्याचे स्नायू आठ-आठ तास ताणलेले असतात. मनाला काहीही झालेलं नाही. उलट, घरात तुम्ही आहात तरी मन इतकं ठणठणीत आहे, याचं मला कौतुक वाटतंय."

म्हणून पहिल्या डॉक्टरांनी मान, खांदे शेकायला सांगितलं होतं! महिनाभर मी उसवीचं मन शेकत बसले होते.

बाईंनी लिहून दिलं: टाचण्या तोंडात बंद. रोज गोळ्या घेतल्या की गोळ्यांनीही डोकं दुखतं, म्हणून आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस. जबड्याचा व्यायाम. सहा आठवड्यांनी दाखवायचं, आणि दुखण्याची तऱ्हा बदलली, अचानक फार वाढलं, तर त्याच दिवशी यायचं. "आणि दिवसभर एकच मंत्र. ओठ मिटलेले, दात सुटे."

"ओठ मिटायचे?" उसवीनं विचारलं, जणू तिला पोहत घरी जायला सांगितलं होतं.

(सहा आठवडे होऊन गेले आहेत. आता आठवड्यातून एखाद्या दिवशी दुखतं, तेही संध्याकाळी, आणि जेवणाच्या आत थांबतं. आमच्या घरात सगळेच एकमेकांना "दात सुटे" म्हणून ओरडत असतात.)

बाहेर फूटपाथवर आलो. मी नाचायचीच बाकी होते. उसवी मात्र अजून पावतीच्या घड्या घालत होती.

"शब्द टेन्शनच निघाला, आई. तू जिंकलीस."

"वेडी आहेस का? पैज मनाच्या टेन्शनवर होती."

"असं ठरलं नव्हतं."

"मग आता ठरवू."

"पैज लावल्यावर नियम बदलत नाहीत."

"बाबांवर गेलीयस अगदी! माझा शब्द मी परत घेते, झालं?"

ती थोडी हसली, पण चालायची थांबली. "तसं नाही गं. टाचण्या तोंडात नाही धरायच्या म्हणजे मनगटाला उशी बांधायची. मास्तर नवशिक्याला दुकान देतील का?"

हे मात्र माझ्या वहीत कुठेच नव्हतं. तिला डोक्याची भीती कधी वाटलीच नव्हती. तिला ही भीती होती.  मी तिचा हात धरला आणि आम्ही सरळ दुकानात गेलो.

मास्तर खिडकीपाशी एका काळ्या पँटीशी झटत होते. दातांत टाचण्या. उसवीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मुद्दाम ओठ मिटून मिटून, एकही शब्द न गाळता. शेवटी म्हणाली, "तेव्हा मास्तर, मला उशी बांधावी लागेल. तुम्हाला पटत नसेल तर भिंत पाडू दे चपलावाल्याला."

मास्तरांनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. सात होत्या. 

"दोन्ही कानशिलांत म्हणालीस?"

"हो."

"दुपारी चारच्या पुढे?"

"हो."

"पोरी," मास्तर म्हणाले, "ते तर माझं तीस वर्षं दुखतंय. मला वाटायचं, या धंद्यात दुखतंच."

उसवीनं त्यांना खुर्चीवरून उठवून आरशासमोर आणलं. "आ करा. तीन बोटं उभी घाला."

मास्तरांचं दीडच बोट गेलं. ते चकित होऊन आरशात बघत राहिले. "तुझी?" त्यांनी विचारलं, म्हणजे बहुधा तेच विचारलं, कारण बोट तोंडात होतं. उसवीनं आपली दोन घालून दाखवली. मग दोघं माझ्याकडे वळले. मी म्हटलं, मला कशाला, माझ्या तोंडाला काय झालंय. पण दोघं बघतच राहिले, म्हणून मीही आ केला. माझी तीनही बोटं सहज गेली, चौथ्यालाही जागा होती. हे घरी कळलं तेव्हा यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

असे आम्ही तिघं त्या चिंचोळ्या दुकानात, एकाच आरशासमोर, तोंडात बोटं घालून उभे असताना दारातून एक गृहस्थ आत आले. हातात पिशवी. त्यांनी आधी आरशात पाहिलं, मग आमच्याकडे, मग बाहेर जाऊन दुकानाची पाटी वाचली, आणि पुन्हा आत आले.

"पँट लांब होतेय," ते जपून म्हणाले. "आजच्या आज मिळेल का?"

मास्तरांनी तोंडातलं बोट काढलं, रुमालाला पुसलं आणि उसवीकडे दाखवलं. "मला काय विचारता? मालकीणबाईंना विचारा."

उसवी एकदम लाल झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. पैज अजून तिच्या डोळ्यांत होती, मला स्पष्ट दिसली. मला खूप काही बोलायचं होतं: जप, जेवत जा, उशिरा थांबू नकोस. पण तीन बोटं आत होती. मी नुसती मान हलवली, वर-खाली, जोरात, चष्मा घसरेपर्यंत.

तिनं त्या गृहस्थांच्या हातून पिशवी घेतली, पँट झटकून टेबलावर टाकली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साडेपाचला या," ती म्हणाली.